लाल पाटीचे सतरा दिवस

शुक्रवार, ५ तारीख

प्रिय काटेकोर,

तुझे दादा काल दुकानात येऊन निरोप देऊन गेले. फोन करायचा नाही, त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, लिहायचं असेल तर लिहावं, ती वाचेल. हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता, उसवून ठेवलेल्या एका खुर्चीकडे बघून सांगितलं. बिचाऱ्या खुर्चीलाच वाईट वाटलं असेल.

तर लिहितोय. तू नेहमी म्हणतेस की माझं बोलणं तुझ्या अंगावर येतं, एक वाक्य धरेपर्यंत पुढची तीन निघून जातात. कागदावर तरी ती जागची हलणार नाहीत.

पहिली बातमी. आपल्या समुपदेशक बाई परत आल्या. मुलीचं बाळंतपण नीट झालं, नात झाली, तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा अर्धा झालाय. काल गुरुवार, चार वाजता मी त्यांच्याकडे गेलो. एकटा. तुझी खुर्ची रिकामी होती आणि तिची मागची पट्टी सैल झाली आहे, हे मला आधीच्या सहा भेटींत दिसलं नव्हतं. जोडप्यांच्या भेटीला एकटं आलेलं चालतं का, विचारलं. बाई म्हणाल्या, चालतं, पण अर्धंच काम होईल. म्हटलं, अर्धं तर अर्धं.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काढलेलं आठवतं? एका बाजूला तू, खाली लिहिलं ऑटिझम. दुसऱ्या बाजूला मी, खाली एडीएचडी. मध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण. मी विचारलं होतं, हा बाण कोण कुणाला मारतंय? तू हसली नव्हतीस. घरी आल्यावर, जेवताना, अचानक हसलीस. पाच तासांनी. मला तो विनोद परत आठवून काढावा लागला होता.

मी ठरवलंय, दर गुरुवारी चारला जाणार. तू ये, नको येऊस, मी जाणार. आजपर्यंत मी काय काय अर्धवट सोडलंय त्याची यादी तुझ्याकडे आहेच, त्यात हे घालू नकोस. दादा म्हणाले, तुला वजनमाप कार्यालयातून बदलीचं पत्र आलंय. दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा, एक तारखेला हजर व्हायचं, आणि हो की नाही ते सव्वीसला कळवायचं. म्हणजे माझ्याकडे तीन गुरुवार आहेत.

एवढंच विचारायचं आहे. पंधरा-सोळा दिवस तू माझ्याशी अबोला धरलास आणि मग एका संध्याकाळी बॅग भरून निघून गेलीस. का? मी काय केलं होतं? मला खरंच समजलं नाही.

तुझा,
गादीवाला

मंगळवार, ९ तारीख

प्रिय काटेकोर,

माझं पत्र मलाच परत आलं. पेन्सिलीने दुरुस्त करून. आख्ख्या जगात नवऱ्याचं पत्र तपासून परत पाठवणारी बायको माझ्याच वाट्याला यावी. 'पंधरा-सोळा' खोडून 'सतरा'. 'अबोला धरलास' याच्या खाली रेघ आणि समोर: 'धरला नाही.' 'निघून गेलीस' याच्या समोर: 'तू सांगितलंस म्हणून गेले.'

आधी मी चिडलो. हातातला हातोडा टाकला आणि शेजारच्या चहावाल्याकडे जाऊन बसलो. चहा अर्धा झाल्यावर तिसरी दुरुस्ती पुन्हा वाचली, आणि मग उरलेला चहा काही प्यायला गेला नाही.

मी पहिल्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. विसरलो नव्हतो. विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण ही लक्षात होती आणि मुद्दाम गाळली.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी मी दंतवैद्याच्या दवाखान्यातून परत आलो होतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या चौदा खुर्च्या मी निळ्या रेक्झिनमध्ये करून दिल्या, आणि त्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की मी राखाडी सांगितला होता, तुमच्या घरी फोन करून सांगितला होता, तुमच्या पत्नींनी निरोप घेतला होता. मी घरी आलो. तू टेबलाशी बसून वजनांची पेटी पुसत होतीस. मी विचारलं, फोन आला होता का? तू मान हलवलीस, हो. मग मला सांगितलं का नाहीस? तू माझ्या मागे कुठेतरी बघितलंस आणि गप्प राहिलीस. आधीच सतरा दिवस गप्प होतीस. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो:

"तुला माझ्याशी काही बोलायचंच नसेल तर निघून जा."

तू उठलीस, पेटीचं झाकण लावलंस, आत गेलीस. तू रागाने आत गेलीस असं समजून मी दुकानाच्या खोलीत जाऊन टाके उसवत बसलो. बाहेर आलो तेव्हा तुझ्या चपला नव्हत्या.

हे बाईंनाही सांगितलं नव्हतं. परवा सांगणार. ओशाळायला होईल, पण सांगणार.

'धरला नाही' हे मात्र अजून कळलं नाही. सतरा दिवस जे चाललं होतं त्याला दुसरं काय म्हणायचं?

तुझा,
गादीवाला

शुक्रवार, १२ तारीख

प्रिय काटेकोर,

कळलं.

हे पत्र काल संध्याकाळपासून चारदा सुरू केलं. तीनदा भलतीकडेच गेलं. आता सरळ सांगतो, क्रमाने, तुला आवडतं तसं.

काल बाईंना सगळं सांगितलं, एकोणतीस तारखेचं वाक्यसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. थोडा वेळ वहीत मागची पानं चाळली आणि विचारलं, "त्या पाट्या अजून वापरता का?"

मी म्हटलं, कुठल्या पाट्या?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या मुख्याध्यापिका आठवल्या. घरी जाऊन बघा, म्हणाल्या.

मी घरी आलो. स्वयंपाकघरातून दुकानाच्या खोलीत जायचं जे दार आहे, त्याच्या शेजारी खिळ्याला माझी पाटी लटकते आहे. मीच प्लायवर रेक्झिनचे तुकडे शिवून केलेली, एक बाजू लाल, एक हिरवी. तशीच तुझी, झोपायच्या खोलीच्या दाराला. तुझी हिरवी होती. माझी लाल.

चौदा खुर्च्यांचं काम घाईचं होतं, तेरा तारखेला सकाळी मी ती लाल केली. एवढं आठवतंय. परत फिरवल्याचं आठवत नाही, कारण मी फिरवलीच नाही. तुला वाटेल, रोज वीसदा तिच्या शेजारून जात होता, दिसली नाही? नाही दिसली. दोन दिवस एका जागी राहिलेली वस्तू माझ्यासाठी भिंत होऊन जाते. हा बचाव नव्हे. असं होतं, एवढंच सांगतोय.

नियम कुणी केले होते? मी. बाईंच्या खोलीत बसून, ऐटीत. मी कामात असताना तू येऊन एक गोष्ट सांगायचीस, माझा धागा तुटायचा, मी खेकसायचो. म्हणून लाल पाटी. लाल असेल तर पाटीवाल्याशी बोलायचं नाही. चिठ्ठी सरकवायची नाही, कारण आधीच्या आठवड्यात तू दाराखालून अकरा चिठ्ठ्या सरकवल्या होत्यास. खुणा करायच्या नाहीत. पाटी ज्याची त्यानेच फिरवायची. बाई म्हणाल्या, अपवाद ठेवा. मी तीन ठेवले. आग, पूर, रक्त. आणि वर छाती फुगवून म्हणालो की याशिवाय जगात काहीही थांबू शकतं.

तू विचारलं होतंस, मी काही विचारलं तर उत्तर द्यायचं का? मी म्हणालो होतो, हो की नाही एवढी मान हलव, जास्त नको.

म्हणजे तू माझ्या मागे कुठेतरी बघत होतीस ते त्या पाटीकडे.

तू अबोला धरला नव्हतास. मी तुझं तोंड बांधून ठेवलं होतं, आणि मग विचारलं की तू बोलत का नाहीस. आणि तुला वाटत राहिलं असेल की हा माणूस रोज सकाळी उठून विचार करून ठरवतो, आजही हिच्याशी बोलायचं नाही. सतरा वेळा. तू विसरत नाहीस, म्हणून दुसरा विसरला असेल हे तुझ्या मनात येणारच नाही. मी नियम पाळत नाही, म्हणून दुसरा इतका पाळेल हे माझ्या मनात आलं नाही. बाईंच्या त्या बाणाचं एवढं जवळून दर्शन नको होतं.

मला लाज वाटते आहे. नुसती चुकल्याची नाही. चौदा वर्षं संसार करून मला एवढंही माहीत नव्हतं की तू कुणाला शिक्षा म्हणून गप्प बसणारी बाईच नाहीस.

पाटी मी फिरवलेली नाही. आता फिरवून काय, तू तिथे नाहीस. तुझ्यासमोरच फिरवीन.

तुझा,
गादीवाला

बुधवार, १७ तारीख

प्रिय काटेकोर,

या वेळी पत्र परत आलं नाही. दुरुस्त्या नव्हत्या असं समजू, की अजून वाचायचंय? दादांना विचारलं. ते म्हणाले, वाचतेय, तिसऱ्यांदा. आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले.

सोबत एक पाकीट आहे, त्याबद्दल आधी सांगतो. चमच्यांच्या खणात, कागदाखाली, एक यादी सापडली. वर तुझं अक्षर: 'पाटी हिरवी झाल्यावर सांगायचं.' खाली क्रमांक.

मी वाचली. विचारायला हवं होतं, पण हात थांबला नाही, तुला माझे हात माहीत आहेत. एक: सिंकखालचा नळ गळतो आहे, थेंब थेंब आहे म्हणून पुरात बसत नाही. दोन: नळ दुरुस्त केला, क्रमांक एक रद्द. तीन: दंतवैद्यांचा फोन, खुर्च्या राखाडी हव्यात, निळ्या नकोत, तातडीचं. चार: तुझा शर्ट उलटा आहे. पाच: तू तसाच बाहेर गेलास. सहाव्यावर तुझ्या कार्यालयातल्या त्या जुन्या तराजूचं आहे, जो सगळ्यांनी मोडीत काढला होता आणि तू शून्यावर आणलास. तुला किती आनंद झाला होता ते तू लिहिलंयस. त्या दिवशी मी तुला घरात बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बघा, कशी फुगून बसली आहे.

नववं होतं: 'आज काही कारण नसताना तुझ्याशी बोलावंसं वाटलं. पाटी लाल.'

तिथे मी थांबलो. खाली अजून पुष्कळ होतं, एकतीसपर्यंत क्रमांक दिसत होते. मी कागद पालथा केला. हे माझं वाचायचं नव्हतंच, तुझं सांगायचं होतं. सतरा दिवस तू ते सांभाळलंस, आणि मी ते चमच्यांच्या खणातून उपटून फुकटात वाचून मोकळा व्हायचं, हे बरोबर नाही. म्हणून पाकिटात घालून, डिंक लावून परत पाठवतोय. सात-आठ वेळा ते परत उघडावंसं वाटलं. म्हणून आजच टाकायला निघालोय, घरात राहिलं तर माझी खात्री नाही.

आता दुसरी गोष्ट, कामाची. तुला वाटत असेल, मी आता वचन देणार की यापुढे लक्षात ठेवीन. नाही देणार. अशी वचनं मी तुला शंभर दिली आहेत आणि तेवढीच मोडली आहेत. माझं डोकं या वयात नवीन मिळणार नाही. म्हणून मी लक्षात ठेवायची गरजच काढून टाकली.

ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीचा दांडा बिघडला की खुर्ची बसल्या बसल्या हळूहळू खाली जाते, ही तक्रार घेऊन महिन्याला चार जण येतात. असे बाद झालेले सात दांडे माझ्याकडे पडून होते. त्यातला सगळ्यात आळशी निवडला, उभ्या पेटीत बसवला, वर वजन ठेवलं, त्याला पाटी जोडली. दांडा वर ओढला की खिडकीत लाल दिसतं. मग तो आपला आपण उतरत जातो, आणि तळाला गेला की हिरवं दिसतं. मला काही करावं लागत नाही. मला आणखी लाल हवं असेल तर उठून, पेटीपर्यंत येऊन, परत वर ओढावं लागेल. म्हणजे विसरलो तर दार उघडतं. आतापर्यंत माझ्या विसरण्याने दार बंद राहत होतं.

पहिले दोन वाया गेले. एक दहा मिनिटांत धप्पकन खाली आला, दुसरा मध्येच अडकला. तिसरा बरा आहे. चौदा खुर्च्याही राखाडी करून दिल्या, निळं सगळं उसवून. दंतवैद्यांनी एका खुर्चीत बसून बघितलं फक्त.

उद्या गुरुवार. मी जाणार. आणि पंचवीसला तर जाणारच, पेटी घेऊन. दुसऱ्या दिवशी तुला कार्यालयात उत्तर द्यायचं आहे, माहीत आहे मला. बदली घेऊ नकोस असं मी लिहिणार नाही. मला काय हवंय ते तुला सांगायला मात्र कसली पाटी लागत नाही: मला तू घरी हवी आहेस. पण त्यासाठी येऊ नकोस. तुझी यादी सांगायची राहिली आहे, ती सांगायला ये. ती ऐकल्याशिवाय मी तुला जाऊ दिलं, ही माझी चूक होती, ती मला दुरुस्त करायची आहे.

तुझा,
गादीवाला

शुक्रवार, १९ तारीख

प्रिय काटेकोर,

छोटं पत्र. काल गेलो. तू नव्हतीस. मी तुझ्या खुर्चीची सैल पट्टी बाईंच्या परवानगीने काढून नवी ठोकली, खिशात खिळे होतेच. बाई म्हणाल्या, ही पळवाट आहे का काम आहे? म्हटलं, दोन्ही. मग उरलेला वेळ नीट बोललो. मी रागात काय बोलतो आणि तू त्यातलं काय अक्षरशः धरून चालतेस, यावर. तू धरतेस यात तुझं काही चुकत नाही, असं मी म्हणालो. बाईंनी ते वहीत लिहिलं.

खुर्ची आता पक्की आहे. पंचवीसला चार वाजता.

तुझा,
गादीवाला

गुरुवार, २५ तारीख, संध्याकाळ

प्रिय काटेकोर,

तू दादांच्या घरी पोहोचलीही नसशील आणि मी लिहायला बसलो. आज जे झालं ते मला उद्या वेगळंच आठवेल, म्हणून लिहून ठेवतोय. चुकलं तर पेन्सिल आहेच तुझ्याकडे.

तू चारला पाच कमी असताना आलीस. मी तुझ्याही आधी आलो होतो, हे बाईंनी घड्याळात बघून नोंदवलं. तू खुर्चीत बसायच्या आधी मागची पट्टी हाताने दाबून बघितलीस. मग पिशवीतून पाकीट काढलंस. डिंक तुझ्या पद्धतीने, कडेने सरळ कापला होता.

मी घरून खिळ्याची पाटीही आणली होती. ती टेबलावर ठेवली, लाल वर. तू बघत असताना फिरवली. तू मान हलवलीस आणि वाचायला लागलीस.

तू एकपासून सुरू केलंस. मला वाटलं दहापासून करशील, पहिली नऊ मला माहीत होती. पण नाही. रद्द झालेलं पहिलं कलमसुद्धा वाचलंस. मला मध्ये बोलायचं नव्हतं. चौथ्याला मी माझा शर्ट बघितला, सुलट होता. सोळाव्याला बोलावंसं वाटलं, विसाव्याला तर तोंड उघडलंच होतं, बाईंनी बोट वर केलं. मी मांडीखाली दोन्ही हात दाबून बसलो. चाळीस मिनिटं. इतका वेळ मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नसेल, आणि त्यात तुझ्या वजनांच्या पेटीतल्या हरवलेल्या चिमट्याचीच सात कलमं होती.

सगळं तू एका आवाजात वाचलंस. एकतिसाव्याला थांबलीस. पाणी प्यालीस. त्याच्यासमोर तारीख होती एकोणतीस, वेळ संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मी तुला निघून जा म्हटलं, तू आत गेलीस, त्यानंतर आणि चपला घालायच्या आधी तू स्वयंपाकघरात येऊन हे लिहिलं होतंस. मी तेव्हा शेजारच्या खोलीत टाके उसवत होतो.

तू वाचलंस, "एकतीस. मला बोलायचं आहे."

मी बाईंसमोर रडलो. तुला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं कळत नाही, म्हणून तू यादीची घडी घातलीस, परत उघडलीस, परत घातलीस. मग तू टेबलाखाली ठेवलेल्या पेटीकडे बघून विचारलंस, "हीच का ती?"

मी दांडा वर ओढून दाखवला. लाल आलं.

"किती वेळ?"

"तीन तास. अंदाजे."

"अंदाजे म्हणजे?"

मी म्हटलं, कधी पावणेतीन, कधी सव्वातीन, दांडा जुना आहे, हवेवरही असतं. तू पेटीला कान लावलास. वजनावर बोट ठेवून बघितलंस. आणि माझ्याकडे बघून, सबंध तासात पहिल्यांदा, म्हणालीस की अशा यंत्रावर तू विश्वास ठेवणार नाहीस, हे आधी तपासायला लागेल. इथल्या कार्यालयात तुझ्या टेबलावर, रोज नऊ ते बारा, रोज एक मोजणी. पंधरा मोजण्यांशिवाय काही सांगता येत नाही.

मी बोटांवर हिशोब करायला लागलो आणि तिसऱ्या बोटावर चुकलो. बाईंनी विचारलं, कधीपासून? तू म्हणालीस, उद्यापासून. मग मीच विचारलं. मला राहवलं नाही.

"आणि एक तारीख?"

तू वर बघितलंस, आढ्याकडे, मोजताना बघतेस तशी.

"एक तारखेला पाचवी मोजणी असेल," तू म्हणालीस. "मध्ये रविवार आहे."

पेटी उचलायला मी पुढे झालो तर तू नको म्हणालीस, हलवली तर दांडा बिघडेल, तुला नीट धरता येत नाही. आणि दोन्ही हातांत धरून, जिना एकेक पायरी उतरत, घेऊन गेलीस.

माझी जुनी पाटी मी खिळ्याला परत लावली आहे. हिरवी. आत्ताच उठून बघून आलो.

तुझा,
गादीवाला